बकोर पटेलांचं हसू

बकोर पटेल हे नाव महाराष्ट्रातल्या माझ्या बहिणींना फारसं माहीत नसेल. गुजरातेत मात्र माझ्या वयाच्या कुठल्याही बाईपुढे हे नाव घ्या, ती आधी हसेल आणि मग बोलेल. हरिप्रसाद व्यास नावाच्या लेखकाने या गोष्टी लिहिल्या. सुरतेहून निघणाऱ्या 'गांडीव' नावाच्या मुलांच्या नियतकालिकात त्या १९३६ पासून १९५५ पर्यंत येत राहिल्या, मग त्यांची पुस्तकं झाली. बकोर पटेल म्हणजे एक बोकड. मुंबईत राहणारा, खाऊनपिऊन सुखी, हौशी गृहस्थ. त्यांची बायको शकरी पटलाणी. स्नेही कोण, तर वाघजीभाई वकील, म्हणजे खरोखरचा वाघ. हाथीशंकर धमधमिया हा हत्ती आणि ऊंटडिया डॉक्टर हा उंट. या जगात माणूस नावाचा प्राणीच नाही. सगळी जनावरं कपडे घालून, घरसंसार करून, आपल्यासारखीच फजित होत राहतात. पटेल एखादी हौस डोक्यात घेतात, ती अंगाशी येते, शकरी पटलाणी कपाळाला हात लावतात. एवढाच सगळा मामला.

आमचं बाजवा म्हणजे बडोद्याहून अहमदाबादकडे निघालं की लागणारं पहिल्याच टप्प्यातलं स्टेशन. साठच्या दशकात शेजारी खताचा मोठा कारखाना आला, कोयलीला रिफायनरी आली, आणि नोकरीच्या निमित्ताने कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागातली आमच्यासारखी बरीच कुटुंबं इकडे येऊन राहिली. पुरुष शिफ्टला गेले की दुपार बायकांची. आमचा स्वाध्याय दुपारी असतो. दिगंबर, श्वेतांबर, मराठी, गुजराती अशा सगळ्या मिळून दहा-बारा जणी. ग्रंथ मिटून, नमस्कार करून झाला की पाऊस थांबेपर्यंत कोणी हलत नाही, आणि मग एक बा पिशवीतून बकोर पटेलांचं पुस्तक काढतात. पानं पिवळी, कोपरे दुमडलेले, चित्रांवर कुठल्या तरी नातवाने पेन्सिल चालवलेली. मधेच मालगाडी गेली की वाचन थांबतं. गाडी बराच वेळ चालते, आणि तेवढ्या वेळात पुढे काय होणार ते सगळ्यांना माहीत असूनही सगळ्या हसून घेतात.

गुजराती बोलायला मी शेजारणींकडून शिकले, पण वाचायला शिकले ती बकोर पटेलांमुळेच. डोक्यावर शिरोरेषा नसलेली ती अक्षरं आधी मला केस विंचरायचे राहिल्यासारखी वाटायची.

एकटीने वाचताना मी या गोष्टींना एवढी हसत नाही, हे मला फार पूर्वीच कळलं. हसू येतं ते वाटून घेताना. एकीला शकरी पटलाणींचं लागट बोलणं आवडतं, कारण तिला स्वतःला ते घरी बोलता येत नाही. दुसरी फक्त वाघजीभाईंची वाट बघत बसते. तिसरीने आपल्या जावयाला मनात ऊंटडिया डॉक्टर ठरवून टाकलंय, आणि ते नाव आमच्या बैठकीबाहेर जाऊ नये अशी सगळ्यांनी शपथ घेतलीय. गोष्ट संपल्यावरही तीच वाक्यं पुन्हापुन्हा म्हणायची, प्रत्येकीने आपापल्या आवाजात. बाहेरचं कोणी ऐकेल तर म्हणेल, या बायकांना झालंय तरी काय?

आमच्या बाजूनेही काहीतरी परत द्यायला हवं, म्हणून आम्ही मराठी बायकांनी चिमणराव काढला. तोही याच मातीतला आहे, हे आमच्या गुजराती मैत्रिणींना ठाऊक नव्हतं. चिं. वि. जोशी बडोद्यात राहिले, इथे पाली शिकवत. बुद्धवचनांचा एवढा अभ्यासक, आणि त्याच्या लेखणीतून चिमणराव आणि गुंड्याभाऊ यावेत! दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ते केले तेव्हा मराठी घरांत सगळी कामं खोळंबायची. पण चिमणरावाचं गुजराती करून सांगणं भलतंच कठीण. पुणेरी घरातली विनोदाची गंमत शब्दांत असते, आणि शब्द तर मागेच राहतात. बोकडाला ती अडचण नाही. बोकड सगळ्यांना कळतो.

आता जे लिहायचं म्हणून बसले ते. आमच्यातल्या एका काकूंचे यजमान गेले. दीड-दोन महिन्यांनी त्या पुन्हा स्वाध्यायाला येऊ लागल्या. कोपऱ्यात बसायच्या, ग्रंथ संपला की उठून जायच्या. एका दुपारी पाऊस फार होता म्हणून थांबल्या. बांनी वाचायला घेतलं, वाघजीभाई वकील आपल्या वकिली थाटात काहीतरी बोलले, आणि काकू हसल्या. चांगल्या मोठ्याने, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग कळलं की घरी जाताना वाटेत कोणीतरी त्यांना ऐकवलं होतं, "अजून वर्ष झालं नाही आणि एवढं हसणं? शास्त्रात हास्याला कषाय म्हटलंय, एवढं तरी लक्षात ठेवा."

यात लोकलाज किती आणि शास्त्र किती, हे मी वेगळं करत बसणार नाही. आपल्याकडे लोकलाज शास्त्राची साडी नेसूनच बाहेर पडते. पण शास्त्राचं नाव घेतलंच आहे, तर शास्त्र नीट बघू या.

हास्य नोकषायांत आहे, हे खरं. नऊ नोकषाय. हास्य, रति, अरति, शोक, भय, जुगुप्सा आणि तीन वेद. हे आपण पाठशाळेत घोकलेलं असतं, पण घोकताना यादी कानावरून जाते, डोळ्यासमोर राहत नाही. त्या यादीत हास्यापासून चौथ्या घरात कोण बसलंय? शोक. ज्या नियमाने काकूंचं हसणं दोषाचं, त्याच नियमाने त्यांचं रडणंही दोषाचं. उलट शोकाबद्दल तत्त्वार्थसूत्र आणखी एक गोष्ट सांगतं. दुःख, शोक, ताप, आक्रंदन हे स्वतःत उत्पन्न केले काय किंवा दुसऱ्यात केले काय, असातावेदनीयाचा आस्रव होतो. दुसऱ्यात केले तरीसुद्धा! म्हणजे विधवा बाईने वर्षभर तोंड पाडून बसावं असा आग्रह धरणाऱ्यांनी आपल्या खात्यावर काय लिहून घेतलं, ते त्यांनी एकदा सूत्र उघडून बघावं. काकू जेव्हा दोन महिने घरात रडत होत्या, तेव्हा 'शोक हा नोकषाय आहे हो' असं सांगायला कोणी गेलं नव्हतं. ते तेव्हा सगळ्यांना शोभून दिसत होतं.

एवढं म्हणून मी जिंकले असं मात्र नाही. कारण मग प्रश्न येतो की दोन्ही दोषच असतील तर हास्य तरी कशाला धरून ठेवायचं? आणि हा प्रश्न खोटा नाही. सत्यव्रताच्या भावनांमध्ये क्रोध, लोभ, भय यांच्याबरोबर हास्याचाही त्याग सांगितलाय. थट्टेत माणूस खोटं बोलून जातो हे कोणाला माहीत नाही? लग्नघरात 'गंमत केली' म्हणून सुनांच्या माहेरावरून जे बोललं जातं, त्यातलं निम्मं गंमतच नसतं. अनर्थदंडव्रताच्या अतिचारांत कंदर्प, कौत्कुच्य, मौखर्य ही नावं आहेत. अचकट बोलणं, अंगविक्षेप करणं, तोंडाला येईल ते बडबडणं. शास्त्रकारांनी माणसांच्या बैठका बघितलेल्या होत्या, हे ही नावं वाचताना पटतं.

पण मग बोकडाची गोष्ट यात कुठे बसते? 'खोटं' म्हणावं तर सांगणाऱ्या बांना ठाऊक आहे की बोकड पटेल नसतो, ऐकणाऱ्या आम्हांलाही ठाऊक आहे, आणि बोकडाला तर नक्कीच ठाऊक आहे. कोणी कोणाला फसवत नाही. सत्याच्या दहा प्रकारांत उपमासत्यही आहेच. दुःश्रुति म्हणावं, तर ज्याने राग-द्वेष, मद, मिथ्यात्व वाढेल असं ऐकणं म्हणजे दुःश्रुति. बकोर पटेलांना खर्चिक हौस फार, परिग्रहाची गोडी फार, हे कबूल. पण ती गोष्ट ऐकून कोणाला पटेल व्हावंसं वाटत नाही. उलट आपल्याच हौशीचं हसू येतं. गेल्या दिवाळीला मोठा फ्रिज घेण्याचं माझ्या डोक्यात होतं, आणि दुकानात उभी असताना मला शकरी पटलाणींचा चेहरा आठवला. फ्रिज घेतला, पण लहान.

आणि वाघजीभाई. बोकड आणि वाघ एका घरात बसतात आणि कोणाला त्यात वेगळं काही वाटत नाही. बोकडाला भीती नाही, वाघाला भूक नाही. आमच्या बा एकदा म्हणाल्या, "आ तो समवसरण जेवुं थयुं." सगळ्या हसल्या, पण मी घरी येऊन बराच वेळ विचार केला. कुठे समवसरण आणि कुठे मुंबईचे बकोर पटेल! समवसरणात तिर्यंचांचाही कोठा असतो, तिथे वैर गळतं ते वीतराग भगवंतांच्या सान्निध्याने. गोष्टीत ते गळतं लेखकाच्या लहरीने. तुलना करणं बरं नव्हे. तरी देवळाच्या भिंतीवर एका भांड्यात पाणी पिणारे गाय आणि सिंह लहानपणी बघत उभं राहिलेल्या मुलीला वाघ वकील आणि बोकड शेठ ओळखीचे वाटावेत, यात नवल नाही. भय हाही नोकषायच आहे, आणि या गोष्टीत तो निदान तेवढ्या वेळेपुरता नसतो.

'जैनांना विनोदाचं वावडं' असं कोणी म्हणालं की मला हरिभद्रसूरी आठवतात. आठव्या शतकातले एवढे मोठे आचार्य, आणि त्यांनी प्राकृतात 'धूर्ताख्यान' लिहिलं. उज्जैनच्या बागेत पावसाने अडकलेले, उपाशी पाच धूर्त. ठरतं असं की प्रत्येकाने आपल्या अनुभवाची थाप मारायची. दुसऱ्यांनी पुराणातले दाखले देऊन ती खरी ठरवायची, आणि जो 'हे खोटं' म्हणेल त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. चार पुरुष आणि एक बाई, खंडपाना. शेवटी ती म्हणते, मी धोब्याची मुलगी, माझे कपडे वाऱ्याने उडाले आणि माझे नोकर पळाले. ते नोकर म्हणजे तुम्ही, आणि तुमच्या अंगावरचे कपडे माझे. खरं म्हणाल तर माझे गुलाम, खोटं म्हणाल तर सगळ्यांना जेवण. चौघे गप्प. मुनी जिनविजयांनी हा ग्रंथ १९४४ मध्ये सिंघी जैन ग्रंथमालेत काढला, आणि त्यावरचा अभ्यास लिहिला आपल्या सदलग्याच्या आ. ने. उपाध्ये यांनी, कोल्हापुरात प्राकृत शिकवता शिकवता. आचार्य श्वेतांबर, अभ्यासक दिगंबर. विनोदाच्या आड पंथ आला नाही.

तरी खरं सांगायचं तर मला धूर्ताख्यानापेक्षा बकोर पटेल जवळचे वाटतात. खंडपाना मला फार आवडते, पण तो विनोद दुसऱ्याच्या पुराणांना हसण्यासाठी रचलेला आहे. त्या काळी वादाची गरज असेल. आज मी ती गोष्ट माझ्या वैष्णव शेजारणीसमोर मोठ्याने वाचणार नाही, आणि जी गोष्ट शेजारणीसमोर वाचता येत नाही तिच्यातलं हसू थोडं तरी कषायाकडे झुकलेलं असतंच. बकोर पटेलांच्या वाचनाला तीच शेजारीण भजी सोडून धावत येते.

हास्याचा उदय आठव्या गुणस्थानापर्यंत सांगितलाय. म्हणजे घरदार सोडून महाव्रतं घेतलेल्या मुनींनासुद्धा तो पार सुटलेला नसतो. आपण चौथ्या-पाचव्याच्या उंबऱ्यावर धडपडणाऱ्या, त्याही तिथे आहोत की नाही हे केवळी जाणे. आठव्याचा नियम दोन महिन्यांच्या विधवेवर लावायचा आणि आपण मात्र रात्री नऊच्या मालिकेतल्या सासूला शिव्या द्यायच्या, हा कोणता क्रम?

काकूंकडे आम्ही तिघी गेलो. समजावलं नाही, कारण समजावायचं त्यांना नव्हतंच. बांनी पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, माझे डोळे आता दुखतात, पुढचं तुम्ही वाचा. त्या गुजरातीत शिकलेल्या, वाचन स्पष्ट. आता त्याच वाचतात. वाघजीभाईंसाठी त्यांनी जो घोगरा आवाज काढलाय तो त्यांच्या यजमानांचा आहे, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

अष्टमी-चतुर्दशीला आणि दशलक्षणात पुस्तक पिशवीतच राहतं, हे आम्ही सर्वांनी मिळून ठरवलंय. ज्या बाईने काकूंना ते ऐकवलं होतं, ती अजूनही ग्रंथ मिटला की उठते. तिच्याशी कोणी अबोला धरलेला नाही. मागच्या महिन्यात चपला घालता घालता ती मला म्हणाली, "शोकाचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे ताई. तेवढं मी चुकले. पण हास्याचं मी अजून मानत नाही." मी म्हटलं, मानू नका. पाऊस जोराचा होता, तिच्याकडे छत्री नव्हती. ती दारातच उभी राहिली, आणि आत काकूंनी वाचायला सुरुवात केली होती.