देवमाणसाची उधारी

'सावकार' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खलनायकच येतो. नाओमी नोविकच्या 'स्पिनिंग सिल्व्हर' (२०१८) या कादंबरीने मला तिथेच अडवलं. रम्पलस्टिल्टस्किनच्या परीकथेतून उगवलेली ही काळोखी गोष्ट. यातला ज्यू सावकार इतका भिडस्त, की वसुलीच करत नाही. त्याच्या बायकोच्या हुंड्यावर गाव मजेत जगतं आणि ती स्वतः थंडीत आजारी पडते. शेवटी मुलगी, मिर्यम, दारोदार वसुलीला निघते. घर सावरतं, पण लेक कठोर झाली म्हणून आईबापच हळहळतात.

मीही आधी बापाच्याच बाजूने होते. देवमाणूस! मग जाणवलं, त्याच्या चांगुलपणाची किंमत घरच्यांच्या ताटातून वळती होत होती, तीही त्यांना न विचारता.

वांडा मिर्यमकडे राबते ती दारुड्या बापाचं कर्ज फेडायला. पण तिला तिथे पोटभर जेवण मिळतं, मार चुकतो, हिशेब शिकता येतो. कर्ज माफ झालं असतं, तर सुटला असता फक्त बाप.

दया नेमकी कुणाच्या पदरात पडते, हे पाहिल्याशिवाय तिला दया म्हणायला आता माझी जीभ रेटत नाही.