स्वभावाला औषध आहे का?

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण मी आयुष्यभर ढालीसारखी वापरली. वडील तापट, आजोबा त्याहून तापट. बँकेत असताना एकदा पेन्शनच्या रांगेतल्या एका आजींनी अंगठा चुकीच्या जागी उमटवला. एवढ्यावरून मी काउंटरवरून असा ओरडलो की, त्या पैसे न घेताच परत गेल्या. घरी येऊन वर म्हणालो, ‘‘आमच्या घराण्याचं रक्तच गरम!’’

यंदा इतवारीतल्या आमच्या घरी नातवानं रागात डबा भिरकावला. मी दटावलं, तर म्हणतो, ‘‘आबा, मी तुमच्यावर गेलोय ना!’’ मी गप्पच झालो.

मग या विषयावर वाचायला घेतलं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून लहानपणीच ताटातूट झालेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. वेगळ्या घरांत वाढूनही एकसारख्या जुळ्यांचे स्वभाव बरेच जुळले. माणसामाणसांतल्या स्वभावभेदांपैकी साधारण ४० ते ५० टक्के भेद आनुवंशिक, असं अशा अभ्यासांतून दिसतं. पण हा हिशेब समाजातल्या फरकांचा आहे. माझा अर्धा राग आजोबांचा, असा त्याचा अर्थ नव्हे. रागाचं असं एकच जनुकही नाही. असंख्य जनुकांचा पै-पै वाटा जमून एक कल बनतो.

मग उत्क्रांतीनं सगळ्यांना एकाच स्वभावाचं का नाही केलं? नेदरलँड्समध्ये चिमणीएवढ्या रानपक्ष्यांवर अभ्यास झाला. खाद्य मुबलक की कमी, यावर एका वर्षी धीट पक्षी तगले, तर दुसऱ्या वर्षी सावध. म्हणजे दोन्ही स्वभाव कधी ना कधी कामाचे. माझ्या पूर्वजांचा तापटपणाही कधी उपयोगी पडला असेल. पण पेन्शनच्या रांगेत नाही!

इथं भागवताच्या अकराव्या स्कंधातला अवधूत आठवतो. त्याच्या चोवीस गुरूंत पतंग आहे, हरीण आहे, मासा आहे. पतंग रूपाला भुलून ज्योतीवर झेपावतो, हरीण नादाला फसतं, मासा चवीपायी गळाला लागतो. ते बिचारे स्वभावाबाहेर जाऊ शकत नाहीत. अवधूत मात्र त्यांना पाहतो आणि स्वतः सावध होतो. मला वाटतं, माणसाला मिळालेली सवलत एवढीच : आपला स्वभाव जरा बाजूला उभं राहून पाहता येतो.

खातेवहीच्या भाषेत सांगायचं तर प्रारब्ध म्हणा, जनुकं म्हणा, ती ओपनिंग बॅलन्स. ती मागच्या पानावरून येते, तिच्यावर आपली सही नसते. पुढच्या नोंदी मात्र आपल्याच हातच्या.

आता राग आला की मी उठतो, माठातलं पाणी घेतो, मगच बोलतो. दर वेळी जमतं असं नाही. पण नातू बघत असतो. माझा कल त्याच्याकडे गेलाच असेल, तर ही सवयही जावी.

बँकेत चुकीची नोंद खोडून चालत नाही, उलटी नोंद करावी लागते. त्या आजी पुन्हा भेटल्या नाहीत. म्हणून ती नोंद मी रोज दुसऱ्याच कुणाच्या तरी खात्यात करतो.

श्रीगुरुदेव दत्त.