देवळाची पायरी आणि विश्वासी मनुष्य

हिंगोली जिल्ह्यांतील गोरेगांवासारख्या गांवीं महाशिवरात्र आली म्हणजे शेजारी औंढा नागनाथाच्या यात्रेस निघतात, आणि गाडींतील एक जागा ख्रिस्ती शेजाऱ्यासही देऊं करितात. जावें कीं न जावें?

औंढ्याचें देऊळ पाहण्यासारखें आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें सांगतों. काळ्या दगडावरील कोरीव काम हेमाडपंती असून लिंग जमिनीच्या पातळीखालीं आहे. अरुंद पायऱ्यांनीं वांकून उतरावें लागतें. लिंगावर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांनीं, देव नाहीं तेथें माझे पाय ठेव, असें नामदेवांस सांगितल्याची कथा याच स्थानाची सांगतात. आणखी एक गोष्ट विसरूं नये. देवळाची पायरी आपल्यापैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांस शिवूंही देत नसत. नाशिकास काळारामाच्या दारीं १९३० सालीं याचसाठीं सत्याग्रह झाला. आज शेजारी हात धरून तेथें नेऊं म्हणतो. त्याच्या प्रेमास पाठ कशी फिरवावी?

परंतु जपानाकडे पाहा. तेथील शिंतो देवस्थानीं तोरी नांवाच्या कमानींतून जाऊन, हात व तोंड धुऊन, दोनदां नमन, दोनदां टाळी व पुनः एकदां नमन करितात. कोरिया जपानच्या ताब्यांत असतां सरकारनें ख्रिस्ती लोकांस सांगितलें कीं, हें नमन धर्म नव्हे, केवळ देशभक्ति होय. सप्टेंबर १९३८ मध्यें प्याँगयांग येथें प्रेसबिटेरियन मंडळीच्या महासभेनें पोलिसांच्या देखत तें मान्य केलें. पाळक चू की-चोल यांनीं मानिलें नाहीं. ते १९४४ सालीं तुरुंगांत मरण पावले. महासभेंतील सर्वांस भ्याड म्हणण्यास आमची जीभ वळत नाहीं. घरीं बसून असा निवाडा करणारा स्वतःस फार लवकर शूर ठरवितो. तथापि नमनाचा अर्थ सरकारनें ठरवावयाचा नसतो, हें चू यांनीं ओळखिलें होतें.

आपल्याकडे जबरदस्ती नाहीं, माया आहे. आणि मायेस नाहीं म्हणणें कधीं कधीं अधिक कठीण. रिम्मोनाच्या देवळांत धन्यास हात द्यावा लागेल म्हणून नामानानें क्षमा मागितली, तेव्हां अलीशानें त्यास शांतीनें निरोप दिला. म्हणून शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईस पायऱ्या उतरतांना आधार देणाऱ्या विश्वासी मनुष्यास आम्ही दोष देणार नाहीं. हात जोडण्याची वेळ आली कीं मात्र त्यानें नुसतें उभें राहावें, व कोणी विचारिल्यास कारण सरळ सांगावें. खोटें खोटें ओठ हालविणें हा देवाचा तसाच शेजाऱ्याचाही अपमान आहे. नुकताच बाप्तिस्मा घेतलेला कोणी बंधु पाहत असेल व त्यास अडखळण होईल असें वाटलें, तर गाडीपाशीं सामान राखीत बसावें.

प्रसादाचा नारळ घरीं आला तर? पौलानें करिंथच्या मंडळीस मूर्तीच्या नैवेद्याविषयीं लिहिलें आहे, तें उपदेशकांनीं मंडळींत वाचून दाखवावें. आमच्या मतें नारळ आदरानें नाकारितां येतो. पण नाकारणाऱ्यानें त्याच संध्याकाळीं शेजाऱ्याच्या घरची भाकर मागून खावी.