सवय आणि समत्व

सुखदुःखाच्या आघातांनीं ज्याचें चित्त डळमळत नाहीं तो श्रेष्ठ, ही शिकवण आमच्या समाजांत इतकी मुरली आहे कीं तिची फोड करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु चित्त स्थिर दिसतें एवढ्यावरून तें विवेकानें स्थिर झालें कीं केवळ सवयीनें, हें कसें ओळखावें? प्रश्न वेदान्ताचा वाटला तरी वसई-विरारच्या घराघरांत तो रोज सकाळीं उभा राहतो. १९३६ सालीं विजेची गाडी विरारपर्यंत पोहोंचली, आणि पुढें या भागांतील असंख्य कुटुंबांचें जीवन साठ किलोमीटरांवरील चर्चगेटशीं बांधलें गेलें. येथें नव्यानें राहावयास आलेला गृहस्थ पहिले कांहीं दिवस डब्यांतील चेंगराचेंगरीनें हैराण होतो; वर्षभरानें तोच मनुष्य त्याच गर्दींत उभ्याउभ्या डुलकी काढतो. त्याच्या सोशिकपणाचें आम्ही कौतुक करतों. तें कितपत योग्य?

या विचारास मेंदूच्या शास्त्रांतील एका शोधाची मदत होते. एक मज्जापेशी दुसरीस ज्या अतिसूक्ष्म फटीच्या ठिकाणीं निरोप देते त्यास चेतासंधि म्हणतात. देणारी पेशी तेथें एक रसायन सोडते. घेणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर तें झेलणारे प्रथिनांचे रेणू असतात, त्यांस ग्राही हें नांव आहे. ग्राही जितके अधिक, तितका निरोप मोठ्यानें ऐकूं येतो. १९९८ सालीं अमेरिकेंतील ब्रँडाइस विद्यापीठांत जीना टुरिजियानो व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांच्या मेंदूंतील पेशी काचपात्रांत वाढवून प्रयोग केले. पेशींस आवरून धरणारे निरोप औषधानें अडवितांच त्या प्रथम अनावर झाल्या. पण सुमारें दोन दिवसांत, औषध तसेंच असतां, मूळच्या गतीजवळ परत आल्या. उलट, सारा व्यवहार दोन दिवस बंद पाडला तेव्हां त्यांची ग्रहणशक्ति वाढली. गोंगाट वाढला कीं पेशी पृष्ठभागावरील ग्राही कमी करते, शांतता पसरली कीं वाढविते. आणि अशा रीतीनें ती ना बेभान होते, ना मुकी.

यांतील एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. एकेका पेशीवर हजारों चेतासंधि असतात. कांहीं बलवान, कांहीं दुर्बळ. या बलाबलांतच शिकलेलें ज्ञान सांठविलेलें असतें, असें शास्त्रज्ञ मानतात. समतोल साधतांना पेशी त्या सर्वांस जवळजवळ एकाच प्रमाणांत कमी वा अधिक करते. म्हणजे आवाज लहान होतो, पण कोणता निरोप महत्त्वाचा व कोणता क्षुल्लक हा भेद पुसला जात नाहीं. आमच्या मतें खऱ्या समत्वाची पहिली खूण हीच. ज्यास मुलाचें आजारपण आणि हरवलेली छत्री सारखींच वाटूं लागलीं तो स्थितप्रज्ञ नव्हे. त्याचा तराजूच मोडला आहे.

दुसरी गोष्ट अधिक अंतर्मुख करणारी आहे. २०१३ सालीं त्याच प्रयोगशाळेनें जिवंत, हिंडत्याफिरत्या उंदरांची एका डोळ्याची पापणी बंद ठेवून दृष्टीच्या केंद्रांतील पेशींचा व्यवहार दिवसेंदिवस नोंदला. पहिल्या दोन दिवसांत तो मंदावला, आणि पुढील दोनतीन दिवसांत पुनः पूर्ववत् झाला. डोळा मात्र मिटलेलाच होता! आंतला समतोल परत आला, बाहेरचा अंधार तसाच राहिला. आंतली शांति ही बाहेरचें अनिष्ट टळल्याची पावती नव्हे, हें याहून स्पष्ट कोण सांगेल?

पेशीच्या वर्तनावरून नीतीचा सिद्धांत निघत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. गर्दीची सवय आणि पेशीचा समतोल या दोन गोष्टी एकच, असेंहि आमचें म्हणणें नाहीं. आम्हांस दाखवावयाचा आहे तो दोहोंमधील भेद. मिटलेली पापणी उघडण्याचें सामर्थ्य पेशीस नाहीं. म्हणून स्वतःस बदलणें हाच तिचा एकमेव उपाय. मनुष्यास हात आहेत, वाणी आहे, शेजारी आहेत. २०१८ च्या जुलैंत मुसळधार पावसानें वसईचा मुलूख जलमय झाला. नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी चढून गाड्या थांबल्या, मिठागरांतील कामगार पाण्यानें वेढले गेले. अशा वेळीं धीर न सोडणें हें भूषणच. पण पाणी ओसरल्यावर ‘हें दरवर्षींचेंच’ म्हणून जो स्वस्थ बसतो, त्याच्या स्वास्थ्यास समत्व म्हणवत नाहीं. पाऊस आपल्या हातीं नाहीं, नाले आहेत. या दोहोंतील भेद ओळखून पहिला शांतपणें सोसणें आणि दुसऱ्यासाठीं अशांत राहणें, हेंच विवेकाचें काम.

मग ज्यास सवय जडली त्यास स्वतःची बधिरता कळावी कशी? ती त्याला एकट्याला सहसा कळत नाहीं. येथें दुसऱ्याचा कान उसना घ्यावा लागतो. गांवाहून आलेला पाहुणा, प्रथमच गाडींत चढलेलें मूल, घरांत नुकतीच आलेली सून यांची कुरकुर ‘होईल सवय’ म्हणून आम्ही उडवून लावतों. वास्तविक, जें आम्हांस ऐकूं येईनासें झालें तें त्यांस अद्याप ऐकूं येत असतें. त्यांस गप्प करण्यापूर्वीं त्यांचें म्हणणें एकवार नीट ऐकून घ्यावें.