अन्नदान, आसरा आणि पात्रतेचा प्रश्न

दान कोणाला द्यावे, या प्रश्नाला भारतीय धर्मविचारात दोन उत्तरे मिळतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काल आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले दान सात्त्विक मानले आहे. पुढे धर्मशास्त्रकारांनी घेणाऱ्याचे कुल, विद्या आणि आचार यांची चिकित्सा बरीच वाढवली. अन्नाच्या बाबतीत मात्र ही चिकित्सा सैल झाली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील दानसूक्त एकट्याने खाणाऱ्याला केवळ पापाचा धनी ठरवते. तैत्तिरीय उपनिषद वस्तीला आलेल्या कोणालाही परत न पाठवण्याचे व्रत सांगते. जमीन, गाय किंवा सोने देताना पात्र पाहावे, पण जेवू घालताना भूक हीच पात्रता, असा संकेत त्यातून रूढ झाला. प्रत्यक्षात पंगतीला कोणी आणि कोठे बसायचे, हे मात्र शतकानुशतके जातीने ठरवले.

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ या क्षेत्राशी जोडलेली एक कथा या प्रश्नाच्या मुळाशी जाते. येथील हेमाडपंती शिवमंदिर बारा ज्योतिर्लिंगांत गणले जाते आणि त्याचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. वारकरी परंपरेनुसार संत नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर याच मंदिरात भेटले. विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी हरकत घेतली, तेव्हा देव नसेल तेथे पाय उचलून ठेव, असे विसोबांनी सांगितले. पाय जेथे ठेवावेत तेथे लिंग दिसू लागले. नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागे जायला लावले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही दुसरी कथाही येथेच सांगतात.

देव नाही अशी जागा नसेल, तर देव नाही असा माणूसही असू शकत नाही. मग अन्नासाठी कोणाला अपात्र ठरवण्यास तात्त्विक आधार उरत नाही. तरीही तत्त्व मान्य केल्याने व्यवहार आपोआप बदलत नाही. नामदेवांचेच समकालीन चोखामेळा यांना विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता आणि त्यांची समाधीही महाद्वारासमोर, देवळाबाहेर आहे. सर्वांभूती एकच आत्मा आहे असे मानणारेही वेगवेगळ्या पंगतींना बसत राहिले. पैठणला संत एकनाथांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या भुकेल्यांना वाढले, ही कथा इतकी गाजली, ती अशी कृती दुर्मीळ होती म्हणूनच.

तत्त्वाला नित्याच्या शिस्तीत बसवणारी व्यवस्था म्हणजे शिखांचा लंगर. नामदेवांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत आणि त्यांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी हे हिंगोली जिल्ह्यातील गाव शिखांनाही पूज्य आहे. शेजारच्या नांदेडला गुरू गोविंदसिंग यांचा १७०८ मध्ये अंत झाला. तेथील तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या लंगरात रोज सर्वांना एका पंगतीत, एकच जेवण वाढले जाते. तेथे कोणाला जात, धर्म किंवा येण्याचे कारण विचारले जात नाही. यात्रेकरू आणि बेघर माणूस शेजारी बसत असल्याने घेणारा कोण, हे वेगळे ओळखू येत नाही. घेणाऱ्याचा मान राखण्याचे काम येथे बसण्याची रीतच करते.

तीर्थक्षेत्रातील स्थानिक अन्नछत्रेही बहुधा अशाच साध्या साधनांवर चालतात. सुगीनंतर गावोगावचे शेतकरी ज्वारी, तूर, तांदूळ असा शिधा देतात, कोणी एका दिवसाच्या पंगतीचा खर्च उचलतो, स्वयंपाक आणि वाढप यांसाठी सेवेकरी येतात. या पद्धतीतली मोठी उणीव वेळेची आहे. अन्नदान महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, एकादशी, पुण्यतिथी अशा दिवशी दाटते. त्या दिवशी अन्न उरते आणि चार दिवसांनी त्याच तीर्थक्षेत्राच्या पायऱ्यांवर कोणी उपाशी झोपते. दात्याची तिथी पंचांगात असते, भुकेला तिथी नसते.

आसऱ्याचा प्रश्न अन्नाहून अवघड आहे. जेवू घातल्यावर माणूस उठून जातो. निवारा दिला की त्याचे आजारपण, म्हातारपण, घरातून तुटण्याचे कारण, सगळेच सोबत येते. म्हणून पारंपरिक धर्मशाळा यात्रेकरूसाठी असत आणि मुक्काम मोजक्या दिवसांचा असे. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) ही चौकट मोडली. भुकेल्यांना अन्न आणि बेघरांना आसरा ही त्यांच्या शिकवणुकीची कलमे होती. बेकारांना रोजगार आणि रोग्यांना औषधोपचारही त्याच यादीत होते. पंढरपुरात इतर धर्मशाळांत ज्यांना जागा नव्हती, त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मुंबईत उपचारांसाठी आलेल्या गोरगरीब रुग्णांच्या व नातेवाइकांच्या मुक्कामाची सोय त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळा करतात. बाबा स्वतः आधी झाडलोट करीत आणि मग भाकरी घेत. पण हा नियम त्यांनी स्वतःसाठी पाळला होता. काम करू न शकणाऱ्या आंधळ्या-पांगळ्यांच्या अन्नावर त्यांनी तशी अट घातली नाही.

आधुनिक कायद्याने पात्रतेचा प्रश्न पुन्हा वेगळ्या रूपात उभा केला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये दारिद्र्य किंवा संकट यांचे निवारण हा धर्मादाय हेतू आहे. केवळ धर्मशिक्षण किंवा पूजा यांसाठी असलेला हेतू त्यात मोडत नाही. उलट १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंध अधिनियमाने भीक मागणे गुन्हा ठरवले आणि उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणाऱ्यालाही त्याच व्याख्येत घेतले. पहिल्या वेळी किमान १ आणि कमाल ३ वर्षे संस्थेत डांबण्याची त्यात तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या या कायद्यातील अनेक तरतुदी रद्द केल्या. म्हणजे देणाऱ्याला पुण्य आणि मागणाऱ्याला अटक, अशी विसंगती तीर्थक्षेत्राच्या पायऱ्यांवर उभी राहते.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अन्न दयेच्या कक्षेतून हक्काच्या कक्षेत आणले. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकाला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळीही १० रुपयांत सुरू झाली. पण शिधापत्रिकेला कागदपत्रे लागतात, आणि चूल नसलेल्याला कच्चे धान्य मिळून उपयोग नसतो. त्यामुळे हक्क आला म्हणून दान संपत नाही. स्थानिक संस्थेला शिजवलेले अन्न द्यावे लागते आणि त्याबरोबर आधार कार्ड, शिधापत्रिका, निराधारांसाठीच्या संजय गांधी अनुदान योजनेचा अर्ज, सरकारी दवाखाना, हरवलेल्यांच्या घरच्यांचा शोध, ही कामेही करावी लागतात.

अन्नदानाचे पुण्य दात्याच्या भावनेवर अवलंबून आहे, असे परंपरा सांगते. विसोबांच्या शिकवणीनुसार पाहिले तर ही कसोटी अपुरी पडते, कारण देव समोर जेवायला बसलेल्यातही आहे. म्हणून सेवाभावी संस्थेचे मोजमाप सणाला किती पाने उठली यावर करू नये. आडदिवशी कोणी उपाशी राहिले का, रात्री कोणाला पायरीवर झोपावे लागले का आणि घेताना कोणाची मान खाली गेली का, यांवर ते करावे.