भांडीरवटाखालचा डाव



हल्ली कीर्तन आटोपून आम्ही विणा खाली ठेवतो न ठेवतो तोच एखादी माऊली पदर सावरीत पुढे येते आणि दबक्या आवाजात गाऱ्हाणे घालते. पूर्वी ही गाऱ्हाणी दारूची, भावकीची, सुनेची असत. आता सोलापुरात पूर्व भागातील विणकर घरांपासून तालुक्याच्या वस्तीपर्यंत एक नवे गाऱ्हाणे कानी येते. "काय करावं ओ महाराज, आपली टीम हरली की पोरगं ताट ढकलून देतं. दोन दिवस कुणाशी बोलत नाही. बापानं काही म्हटलं तर अंगावर येतं." आणि शेवटी प्रश्न असा की, सामने पाहणे हे पाप आहे काय? तसे आम्ही एकदा कीर्तनातून सांगून टाकावे, म्हणजे पोराला धाक बसेल.

तसे आम्ही सांगणार नाही. कारण ते खरे नाही.

ज्या संप्रदायाचे संत फुगडी, हुतुतू, विटीदांडू, चेंडूफळी यांवर रूपके रचतात, त्याने खेळाला पाप कसे म्हणावे? आपल्याच जिल्ह्यात पुरंदावड्याला, खुडूसला, ठाकूरबुवांच्या समाधीजवळ माऊलींचे रिंगण होते. लाखो डोळे दोन अश्वांवर खिळलेले असतात. एकावर स्वार आणि पताका, दुसरा माऊलींचा, रिकाम्या पाठीचा. अश्व धावले की अंगावर काटा येतो, सत्तर वर्षांचा म्हातारा उड्या मारतो. पण रिंगण संपल्यावर कोणता घोडा जिंकला हे कोणी विचारीत नाही. लोक धावतात ते टापांखालची माती कपाळी लावायला. तेव्हा आनंदाने बेभान होणे आपल्याला परके नाही. २९ जून २०२४ ला, ज्येष्ठ वद्य अष्टमीला, आळंदीहून माऊलींचे प्रस्थान झाले आणि त्याच रात्री बार्बाडोस बेटावर भारताने दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून वीस षटकांचा विश्वचषक जिंकला. आळंदीच्या मुक्कामी एखाद्या वारकऱ्याने मोबाईलवर धावसंख्या पाहिली असेल, तर माऊली त्याच्यावर रागावली असेल असे आम्हांस वाटत नाही.

मग बिघडते कोठे? यासाठी भागवताचा दशम स्कंध, अठरावा अध्याय काढावा. ग्रीष्माचे दिवस आहेत. गोपाळांनी दोन बाजू केल्या, एकीचा नायक बळिराम, दुसरीचा श्रीकृष्ण. पण असा की, हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला पाठीवर घेऊन भांडीरवटापर्यंत न्यायचे. डाव झाला आणि श्रीकृष्णाची बाजू हरली. श्रोतेहो, येथे क्षणभर थांबावे. ज्याच्या भ्रूभंगाने ब्रह्मांडे होतात आणि मोडतात, तो परमात्मा हरला, आणि हरल्यावर काय केले? पंचांना शिव्या दिल्या? नाही. कमरेत वाकला आणि श्रीदाम्याला म्हणाला, चल, बैस. त्या गवळ्याच्या पोराने भगवंताच्या पाठीवर बसून रान पाहिले. व्यासांनी हा प्रसंग फार थोडक्यात आटोपला आहे, पण आम्हांस तो गोवर्धन उचलण्याहून मोठा वाटतो. गोवर्धन उचलायला सामर्थ्य लागते, हरून पाठ द्यायला त्याहून अधिक काही लागते.

आता पुढचे पाहा. त्याच खेळात प्रलंब नावाचा असुर गवळ्याचे रूप घेऊन घुसला होता. तोही हरणाऱ्या बाजूत. त्यानेही नियमाप्रमाणे बळिरामाला पाठीवर घेतले. तोपर्यंत तो कोणाला ओळखू आला नाही, कारण सगळे जे करीत होते तेच तोही करीत होता. ओळख पटली ती केव्हा? उतरायची जागा ठरलेली होती, ती ओलांडून तो पुढे पळाला तेव्हा. जोवर खेळ हद्दीत होता तोवर असुर गवळीच दिसत होता. हद्द सुटली आणि त्याचे खरे अंग बाहेर आले. बळिरामाने मग मस्तकावर मूठ हाणून त्याला लोळविले हे सर्वांस ठाऊक आहे.

ही हद्द आमच्या डोळ्यांदेखत ओलांडली जाते आहे. मार्च २०२४ मध्ये आयपीएलच्या सामन्यात हैदराबादने २७७ धावा केल्या आणि मुंबईची फलंदाजी चालू होती. कोल्हापूर जिल्ह्यातील एका गावात माणसे मिळून सामना पाहत होती. रोहित शर्मा बाद झाला, तेव्हा साठी उलटलेले एक गृहस्थ, चेन्नईचे चाहते, आनंदाने काही बोलून गेले. मुंबईच्या दोन चाहत्यांनी त्यांना इतके मारले की त्यांत त्यांचा प्राण गेला. मारणारे त्याच गावचे. खेळणारे हैदराबादेत. रोहित शर्माला हे घर ठाऊक नाही, ते गाव ठाऊक नाही. एका बळीने खेळाचे पारडे हलत नाही. एका घराचे मात्र कायमचे झुकले. आणि ४ जून २०२५ ला बेंगळुरूस विजयाचा जल्लोष पाहायला गेलेल्यांपैकी ११ जण मैदानाबाहेरच्या चेंगराचेंगरीत गेले. तो पराभवाचा राग नव्हता, विजयच होता. आणि गर्दीची व्यवस्था ज्यांनी पाहायची त्यांचा हिशेब वेगळाच आहे, तो चाहत्यांच्या माथी मारू नये.

दूर कशाला, आपल्या मातीतले पाहू. जानेवारी २०२३ ला पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड समोरासमोर आले. दोघेही सोलापूर जिल्ह्याचे! आपल्याला तर दोन्ही हातांनी टाळी वाजवायची संधी होती. पण बाहेरली टांग या डावाला चार गुण दिले यावरून वादळ उठले, पंचांना धमकीचा फोन गेला, आणि मोबाईलवर जातधर्माची भाषा सुरू झाली. गुण बरोबर की चूक हे वस्तादांनी ठरवावे, आम्ही टाळकरी माणसे. परंतु श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना संत म्हणून वंदन करणाऱ्या मुलखात पहिलवानाचा धर्म कशाला मोजला? सिकंदरने पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये गदा जिंकलीच. महेंद्र २०२३ ला आणि २०२५ ला अंतिम फेरीपर्यंत पोचून हरला. त्या पोरांनी लाल माती कपाळी लावून वर्षानुवर्षे जोर-बैठका काढल्या. ज्यांनी एक बैठक काढली नाही, ते शिव्या द्यायला पुढे!

यावर एक तरुण आम्हांस म्हणाला, "महाराज, तुम्हांला विठ्ठलाचं वेड, आम्हांला धोनीचं. फरक काय?" प्रश्न चोख आहे, हसून टाकण्यासारखा नाही. तो कोणाचे वेड धरतो यापेक्षा त्या वेडाने त्याचे काय होते ते आम्ही पाहतो. वारीत माणूस समोरच्या परक्या माणसाच्या पाया पडतो, दिंडी कोणती हे विचारीत नाही. (आपल्यातही मानपानावरून, दिंडीच्या क्रमावरून रुसवेफुगवे होतात, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तेथे तो प्रलंब आपल्याच वेशात असतो.) ज्या वेडाने समोरच्याला मिठी मारता येते, ते कोणाचेही असो, आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. दुसरे असे की, सचिन तेंडुलकरला लोकांनी देव म्हटले, पण देवपण देऊन टाकलेल्या माणसाला शून्यावर बाद होण्याची मोकळीक उरत नाही. गुडघे दुखणारा, घाम गाळणारा माणूस तो. त्याच्यावर देवाचा भार टाकायचा आणि तो वाकला की त्याच्या घरच्यांना शिव्या द्यायच्या, याला भक्ती म्हणत नाहीत. भक्त देवाशी भांडतो, पण देवाच्या शेजाऱ्याला मारीत नाही.

पैशाविषयी थोडकेच. द्यूताने धर्मराजाचे आणि नळाचे काय झाले ते सांगायला नको. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे सूक्त आहे, त्यात त्याची बायको दुरावली आहे आणि घरचे त्याला ओळख देत नाहीत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर २०२५ मध्ये केंद्राने कायद्याने बंदी आणली, ते योग्य झाले. पण सट्टा गल्लीतही चालतो, म्हणून पोराच्या मोबाईलपेक्षा त्याच्या उधारीवर लक्ष ठेवावे.

तर त्या माऊलीला आम्ही सांगितले ते असे. टीव्ही फोडू नका, पोराला धाक घालू नका. त्याच्या शेजारी बसा, कोण खेळतो आहे ते विचारा. सोलापुरात जन्मलेल्या पॉली उम्रीगर यांनी १९५५ मध्ये कसोटीत भारताचे पहिले द्विशतक काढले, हे त्याला सांगा. त्याला बहुधा ठाऊक नसेल. सामना हरला तर ताट वाढा, आणि तो ढकलू लागला तर एवढेच विचारा, जे हरले ते आज रात्री जेवले असतील की नाही? आणि पुढच्या रविवारी त्याला चार पोरांबरोबर मैदानावर हाकला, हातात बॅट देऊन. स्वतः हरून पाहू दे.

मागल्या महिन्यात ती पुन्हा भेटली. म्हणाली, पोरगं आता मैदानावर जातं, गुडघा फोडून घेतलाय. आम्ही विचारले, जेवतो का? म्हणाली, "दोन भाकरी जास्त लागतात ओ."