एकदा करून टाकू

‘एकदा करून टाकू’ हे तीन शब्द माझे होते. मधुराचे नव्हते आणि डॉक्टरबाईंचेही नव्हते. नववा आठवडा चालू होता. डॉक्टरबाईंनी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, रक्तगट, एचआयव्ही अशी नेहमीची यादी लिहून दिली होती आणि मी रात्री घरी येऊन रक्त घेऊन जाणाऱ्या लॅबच्या अ‍ॅपवर बुकिंग करत बसलो होतो. यादीच्या खाली ‘टॉर्च पॅनेल’ असा एक रिकामा चौकोन होता. थोडे पैसे जास्त, शेजारी हसऱ्या आईबाळाचं चित्र. आमच्या घरात भुरी नावाचं मांजर होतं आणि मांजरामुळे पोटातल्या बाळाला काहीतरी होतं एवढं कानावर आलेलं होतं. मी चौकोनात टिक केली. मधुराला सकाळी सांगितलं, सुई तिच्या दंडात जाण्याच्या साधारण दहा मिनिटं आधी.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम पॉझिटिव्ह. दोन्ही लाल अक्षरांत.

त्यानंतरचे सोळा दिवस कसे गेले ते सांगण्याआधी या जंतूबद्दल थोडं सांगतो. मी ते टिक करण्याच्या आधी वाचायला हवं होतं, नंतर वाचलं. टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय हा एकपेशीय परजीवी १९०८ साली ट्युनिसमध्ये शार्ल निकोल आणि लुई मान्सो यांना गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला. नाव देताना ‘गुंडी’चं ‘गोंडी’ झालं ते कायमचं. त्यात मांजराचा वाटा काय, हे कळायला १९७० साल उजाडलं. हा जंतू आपलं लैंगिक चक्र फक्त मांजराच्या कुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात पुरं करतो आणि त्याची अंड्यांसारखी रूपं विष्ठेतून बाहेर पडतात. पण मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडेच ती पडतात. बाहेर पडल्यावरही ती लगेच संसर्ग करू शकत नाहीत, त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे मांजराचा ट्रे रोजच्या रोज दुसऱ्या कुणी साफ केला तर धोका फारच कमी. आमचा ट्रे मी साफ करायचो. रोज नाही, पण करायचो.

माणसाला लागण झाली तर बहुतेकांना काही कळतसुद्धा नाही. जगातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांना कधी ना कधी ही लागण झालेली असते असा अंदाज आहे. एकदा झाली की निरोगी बाईच्या पुढच्या गरोदरपणात सहसा काळजीचं कारण राहत नाही. प्रश्न येतो तो पहिली लागण नेमकी गरोदरपणात झाली तर. तिथे एक विचित्र उलटा हिशेब आहे. लियाँमधल्या बायकांचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. तेराव्या आठवड्यात आईला लागण झाली तर ती बाळापर्यंत पोचण्याची शक्यता सुमारे ६ टक्के, छत्तिसाव्या आठवड्यात ७२ टक्के. पण लवकर पोचली तर इजा गंभीर. मेंदूत पाणी साठणं, डोळ्यांच्या पडद्यावर व्रण. उशिरा पोचली तर बरीचशी बाळं जन्मतः ठणठणीत दिसतात.

हे सगळं मी एका रात्रीत वाचलं आणि त्यातलं मला एकच ऐकू आलं : लवकर, गंभीर.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि मला विचारलं, “ही टेस्ट मी लिहिली होती का?” नाही म्हणालो. “मग पॉझिटिव्ह आली तर काय करायचं, हे काय ठरवलं होतंत तुम्ही?”

मी एका कंपनीत सर्व्हर सांभाळणाऱ्या टीममध्ये आहे. रात्री-अपरात्री फोन वाजवणारे अलर्ट कुठले ठेवायचे आणि कुठले काढायचे, हे ठरवणं माझ्या कामाचा भाग आहे. आमचा नियम साधा आहे. अलर्ट वाजल्यावर काय करायचं हे आधी लिहिलेलं नसेल, तर तो अलर्ट लावायचा नाही. हा नियम मी नव्या मुलांना ऐकवतो, थोड्या रुबाबातच ऐकवतो. आणि इथे मी माझ्या बायकोच्या शरीरावर असा अलर्ट लावून ठेवला होता ज्याच्या पुढे काहीच लिहिलेलं नव्हतं.

आयजीएम म्हणजे लागण झाल्यावर शरीर पहिल्यांदा तयार करतं ती प्रतिपिंडं. म्हणून ‘आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे ताजी लागण’ हे समीकरण सरळ वाटतं. ते सरळ नाही. काही जणांत आयजीएम महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं रेंगाळतं, आणि काही किट नसलेलंही दाखवतात. अमेरिकेच्या एफडीएनं १९९७ साली डॉक्टरांना मुद्दाम सूचना काढली होती, की एकट्या आयजीएमच्या निकालावरून गरोदर बाईला नुकती लागण झाली आहे असं ठरवू नका. पुढे २००१ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला. बाहेरच्या लॅबमध्ये आयजीएम पॉझिटिव्ह आलेल्या बायकांच्या रक्ताची पालो आल्टोमधल्या तज्ज्ञ प्रयोगशाळेत फेरतपासणी झाली आणि निकालाचा नेमका अर्थ डॉक्टरांना समजावून सांगितला, तेव्हा अनावश्यक गर्भपातांचं प्रमाण जवळपास निम्म्यानं उतरलं. हे वाक्य मी दोनदा वाचलं. याचा अर्थ, तसं कुणी समजावून सांगितलं नसतं तर ते गर्भपात झाले असते. एका आकड्यापायी.

हिशेब अवघड नाही. समजा, दहा हजार गरोदर बायका आहेत आणि त्यातल्या दहाजणींना खरोखर ताजी लागण आहे. समजा, टेस्ट त्या दहाही जणींना पकडते आणि उरलेल्यांपैकी फक्त दोन टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह म्हणते. ऐकायला उत्तम टेस्ट. तरी पॉझिटिव्ह येणाऱ्या होतात दोनशे दहा, त्यात खऱ्या दहा. हे आकडे मी मांडणीसाठी घेतले आहेत, पण आजार दुर्मीळ असला की गणित याच वळणाचं होतं. मला हे गणित इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून येतं. त्या रात्री ते माझ्या काहीही उपयोगी पडलं नाही, कारण दोनशे दहामधल्या दहांत आपण नाही हे कुठलंच गणित सांगत नाही.

डॉक्टरबाईंनी अ‍ॅव्हिडिटी नावाची पुढची टेस्ट सांगितली. आयजीजी जुनी झाली की जंतूला जास्त घट्ट धरते. ती पकड मोजायची. पकड घट्ट निघाली तर लागण किमान चार महिने जुनी, म्हणजे आमच्या बाबतीत गर्भधारणेच्या आधीची. अकराव्या आठवड्यात रक्त दुसऱ्या शहरात गेलं. निकाल यायला नऊ दिवस लागणार होते.

त्या नऊ दिवसांत आई सांगलीहून आली. आल्या आल्या तिनं भुरीकडे बोट केलं. “अरे, पहिल्यांदा हिला हलव इथनं.” मी वाद घातला नाही. खरंतर मला सगळं वाचून माहीत होतं. युरोपातल्या सहा शहरांमधल्या गरोदर बायकांचा अभ्यास २००० साली ‘बीएमजे’मध्ये आला होता. त्यात ३० ते ६३ टक्के लागणी नीट न शिजलेल्या मांसाकडे बोट दाखवत होत्या, ६ ते १७ टक्के मातीकडे, आणि मांजराच्या सहवासाचा संबंध दिसलाच नव्हता. आमच्याकडे मटण शिट्ट्या मोजून शिजतं. उरते माती. म्हणजे नीट न धुतलेली मेथी, मुळा, कोथिंबीर. पण कोथिंबिरीला चेहरा नसतो. तिला पिशवीत घालून तळेगावच्या पुढे सोडून येता येत नाही. भुरीला आलं. एका मित्राच्या शेडवर मी तिला ठेवून आलो, ‘थोडे दिवस’ म्हणून. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला की ती कुठे दिसत नाही.

संकटाचं कारण शोधताना आपण नकळत गुन्हेगार शोधायला लागतो. बहुतेक वेळा तो सगळ्यात कमी बोलू शकणारा निघतो. पहिल्यांदा मांजर. मग बाई. “पार्किंगमधली मांजरं कुरवाळायला सांगितलं कुणी होतं?” हेही त्या आठवड्यात एकदा बोलून झालं. टॉर्चची आपल्याकडची कहाणीच तशी आहे. वारंवार गर्भपात झालेल्या बाईला ही टेस्ट परत परत करायला लावतात. जुनी लागण एकामागून एक गर्भपात घडवत नाही. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या कॉलेजनंही अशा बायकांसाठी ही तपासणी निरुपयोगी ठरवली आहे. पण घरात ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द शिरला की तो तिचा दोष म्हणून राहतो. माझ्या एका चुलतबहिणीचा आयजीजीचा जुना रिपोर्ट तिच्या सासरी अजून फायलीत आहे.

आत्याचा फोन आला होता. अजून फार दिवस गेलेले नाहीत, पुढे लेकराचे हाल होण्यापेक्षा वेळेत काय ते ठरवलेलं बरं, असं ती म्हणाली. मी तिला गप्प करायला हवं होतं. मी ‘हो, बघू’ म्हणालो. आणि रात्री घरच्या टॅबवर ‘किती आठवड्यांपर्यंत’ असं शोधलं. मधुरानं सकाळी टॅब उघडला तेव्हा ते पान तसंच होतं.

“मला विचारायचंस तरी,” एवढंच ती म्हणाली. सुईच्या दिवशी हे वाक्य तिच्याकडून यायला हवं होतं, पण तेव्हा मी तिला बोलायला वेळच दिला नव्हता.

इथे मला माझा स्वतःचा युक्तिवाद तपासायला हवा. माझ्या बाजूनं असं म्हणता येईल की मी काळजीपोटी केलं. आणि दहा हजारांतल्या त्या दहाजणींचं काय? त्यांच्यापैकी एकीच्या नवऱ्यानं तो चौकोन टिक केला असता आणि वेळेवर औषध सुरू झालं असतं, तर त्याला मी काय तोंडानं उपदेश केला असता? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळून जाऊ शकत नाही. फ्रान्सनं तो गंभीरपणे घेतला. तिथे १९७८ पासून २००७ पर्यंत लग्नाआधी तपासणी व्हायची; १९८५ पासून गरोदरपणाच्या सुरुवातीला आणि १९९२ पासून पूर्वी लागण न झालेल्या बायकांची दर महिन्याला तपासणी होते. ब्रिटननं तेच विज्ञान समोर ठेवून उलट ठरवलं : सरसकट तपासणी नको, खात्रीशीर फायद्याचा पुरावा कमी आणि इजा जास्त होऊ शकते. दोन्हीकडे डॉक्टर हुशार आहेत, दोन्हीकडे बाळं प्रिय आहेत. एकानं चुकलेलं एक बाळ जास्त जड मानलं, दुसऱ्यानं हकनाक घाबरलेल्या शेकडो आया. यात कुणाचं गणित चुकलेलं नाही. कुठलं दुःख किती मोजायचं, हे गणिताच्या आधीच ठरलेलं असतं.

पण फ्रान्स आणि माझा तो चौकोन या एकाच जातीच्या गोष्टी नाहीत, असं मला आता वाटतं. तिथे पॉझिटिव्ह आल्यावर पुढची टेस्ट कुठली, कुठल्या प्रयोगशाळेत, औषध कुठलं, बाळाच्या जन्मानंतर किती वर्षं पाहायचं, हे ठरलेलं आहे. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी चाळणी-तपासण्यांचे निकष लिहिले, त्यांतही हेच आहे : कुणावर उपचार करायचे याचं आधी ठरलेलं धोरण हवं. म्हणजे तिथे विचारणाऱ्यानं उत्तराची जबाबदारी घेतलेली असते. अ‍ॅपवरच्या चौकोनानं कुठलीच जबाबदारी घेतलेली नव्हती आणि टिक करणाऱ्यानंही नाही. मला खात्री हवी होती, बाळाबद्दलची नव्हे, तर स्वतःबद्दलची : उद्या काही झालंच तर ‘आपण सगळं केलं होतं’ असं म्हणता यावं. काळजी असं मी जिला म्हणत होतो तिच्यात हा वाटा केवढा होता, ते मला आजही नीट वेगळं काढता येत नाही. ती खात्री विकत घ्यायला मी पैसे माझ्या कार्डावरून दिले, बाकी सगळं मधुरानं दिलं.

आणि भुरीनं.

निकाल बाराव्या आठवड्यात आला. अ‍ॅव्हिडिटी उच्च, लागण जुनी. मधुराच्या माहेरी, कराडजवळ, गोठ्यात नेहमी मांजरं असायची आणि लहानपणी ती त्यांच्यात लोळायची. तिथेच कधीतरी झालं असावं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आईनं देवापुढे साखर ठेवली. मधुरानं दार लावून घेतलं आणि दुपारभर झोपली. मी मित्राच्या शेडवर गेलो, दोन तास हाका मारत फिरलो, दुधाची वाटी ठेवून परत आलो. पुढच्या तिन्ही रविवारी गेलो.

आता सातवा महिना आहे. मधल्या काळात डॉक्टरबाईंनी दोन तपासण्या लिहिल्या. दोन्ही वेळा मधुरानं चिठ्ठी हातात घेण्याआधी विचारलं, “हे वाईट आलं तर पुढे काय?” एकदा उत्तर पटलं, तपासणी केली. दुसऱ्यांदा डॉक्टरबाई थोडा विचार करून म्हणाल्या, “तसं काही वेगळं करणार नाही आपण,” आणि त्यांनीच ती खोडली.

गेल्या आठवड्यात त्याच लॅबचा मेसेज माझ्या फोनवर आला, तिच्या नावानं, बाळंतपणाआधीच्या पॅकेजवर सवलत म्हणून. मी तो पुसायला बोट ठेवलं. मग थांबलो आणि फोन तिच्याकडे दिला. तिनं वाचला. “यात कायकाय आहे बघू,” म्हणाली, आणि चष्मा शोधायला उठली.